ग्रुपवरची थट्टा कुठं थांबायला हवी? तुमचे अनुभव लिहा

यंदा सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीवरून आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थट्टा सुरू झाली आणि दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचे आईबाप काढले. बाकीचे हसऱ्या इमोजी टाकत राहिले. मला त्या इमोजी शिवीपेक्षा वाईट वाटतात. तुमच्या ग्रुपवर काय घडलं, कुणी सावरलं? नावं न घेता लिहा.

पूर्व भागातून :
आमच्या घरी तेलुगू बोलतात. दहावीच्या ग्रुपवर मी घाईत 'माझा गाडी बंद पडला' असं लिहिलं. एकानं त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, दर सणाला तोच टाकायचा. त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण एका बाकावर बसणारा मित्रही हसला, ते लागलं. रात्री त्याचाच फोन आला, "राग आला काय बे?" मी नाही म्हटलं. तेव्हाच हो म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं; तो ऐकणाऱ्यातला आहे.

जुळे सोलापूर, सोसायटीचा ॲडमिन :
पाणी काही दिवसांआड येतं, भांडणं नेमकी त्याच दिवशी होतात. एकानं शेजाऱ्याच्या नळाला लावलेल्या मोटारीचा फोटो टाकून खाली 'पाणीचोर' लिहिलं. तक्रार खरी होती, पण त्या घरातली शाळकरी मुलगीही ग्रुपवर होती. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. कायद्यानं सुटलो तरी शेजारधर्म सुटत नाही. २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. मी पुसतो, आणि आधी त्या माणसाला फोन करतो. न सांगता पुसलं की तो दुसऱ्या ग्रुपवर जाऊन दुप्पट लिहितो. मोटारीचा विषय मग आम्ही बैठकीत घेतला.

विडी घरकुल, बचत गट :
कुणाचा हप्ता राहिला हे ग्रुपवर लिहायचं नाही, एवढा एकच नियम आम्ही केलाय. एका बाईचं नाव हसण्यावारी टाकलं गेलं होतं, ती पुढच्या बैठकीला आलीच नाही. दोघी तिच्या घरी जाऊन आल्या तेव्हा कुठं आली.

धागालेखक :
घरी जाणं पटलं. चूक ग्रुपवर झाली तरी माफी दारात जाऊनच मागावी. चांगल्या थट्टेचे अनुभवही लिहा की!

होटगी रोडवरून :
आमचा एक मित्र पुण्यात असतो. 'आता तुला शेंगाचटणीही तिखट लागत असेल' म्हणून आम्ही त्याला छळतो, तोही आमच्या उन्हाळ्यावरून सोडत नाही. त्याची नोकरी गेली तेव्हा कुणीही न ठरवता सगळे थांबले. पुढं एक दिवस त्यानंच लिहिलं, "काय बे, मेलो नाही मी. चटणी पाठवा अन् बोला काहीतरी." त्या रात्री बारापर्यंत ग्रुप वाजत होता.