धाव आणि थारोळंही बघा

कुणीतरी लिहिलंय की साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीत बघण्यासारखा तेवढा आतला महाल, बाकी नुसती खोल विहीर. मला हे अजिबात पटत नाही. महाल देखणा आहेच, पण शाहू महाराजांच्या काळात विरूबाईंनी 1719 ते 1724 या वर्षांत शंभर फुटांहून खोल असं हे काम करवून घेतलं ते आमराईला पाणी मिळावं म्हणून. त्यामुळे खाली उतरण्याआधी काठावर उभं राहावं, जिथे मोटा, म्हणजे बैलांनी ओढायच्या पाण्याच्या कातडी पिशव्या, लागायच्या तिथे.

आमच्या मळ्यातली विहीर अगदी साधी, ना शिलालेख ना शिल्प. पण काठावर पुढे आलेल्या दोन दगडांत चाकाचे खांब रोवायची भोकं अजून आहेत. मागे थारोळं, म्हणजे मोट रिकामी व्हायचं दगडी कुंड, मोटेचं पाणी आदळून आदळून तळाशी इतकं गुळगुळीत झालंय की हात घसरतो. आजोबा सांगायचे, धाव, म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची वाट, मुद्दाम उताराची करायचे, म्हणजे भरली मोट ओढताना बैलांचं वजनही कामी येई. मोट रिकामी झाली की तीच जोडी पाठमोरी सरकत चढ चढायची. लहानपणी ती धाव मी पाहिलीय, साधारण तीसेक पावलांची. पुढे मोटार बसली तेव्हा आम्हीच मुरूम टाकून ती सपाट केली, त्याची फार हळहळ वाटते. तुमच्या गावात अशी धाव शिल्लक असेल तर कृपा करून पावलांनी मोजा आणि फोटो काढून ठेवा.