‘रिफर्बिश्ड’ला मराठीत काय म्हणायचं? आणि ‘अटाला’ मराठी धरायचा का?

रामबागकर
जुना मोबाईल हल्ली कोणी विकत नाही, सगळे ‘रिफर्बिश्ड’ विकतात. मराठीत कोणी ‘नूतनीकृत’ लिहितं, कोणी ‘पुनर्सज्जित’, आणि घरात आपण ‘सेकंड हँड’ म्हणून मोकळे होतो. ही एकाच वस्तूची तीन नावं आहेत की वस्तूच तीन आहेत?

दुसरा प्रश्न खास इंदूरचा. ‘तो चार्जर अटाल्यात टाक’ हे वाक्य रामबागेत कोणालाही कळतं, पुण्याच्या पाहुण्याला कळत नाही. हा शब्द मराठी लिहिताना वापरायचा का?

शब्दवेडी
अटाल्यापासून सुरुवात करते, कारण तो सोपा आहे. हिंदीत अटाला म्हणजे ढीग, घरातलं सामानसुमान. माळव्यात त्याचा अर्थ आकसला आणि ‘विकून टाकायचं जुनंपानं’ एवढाच उरला. आपल्याकडे तो मसाल्यासारखा चालतो: मसाला-मसाल्यात, अटाला-अटाल्यात. मराठी सामान्यरूप घेतलं की शब्द घरचा झाला. इंदुरी मराठीत तो खुशाल लिहावा.

मात्र त्यामुळे मराठीचे जुने शब्द एकमेकांत मिसळू देऊ नयेत. अडगळ ही अजून आपल्याच मालकीची असते. माळ्यावर असते, वाटेत येते, पण ‘कधीतरी लागेल’ ही आशा शिल्लक असते. भंगार वजनावर जातं, तिथे आशा संपली. रद्दी फक्त कागदाची. आणि मोड धातूची. फुटकं पितळेचं पातेलं मोडीत देऊन वर पैसे भरून नवं घ्यायचं, दुकानदार त्यात घट धरणार, हा व्यवहार भांड्यांच्या दुकानात अजून चालतो. मोबाईल कंपन्यांची ‘एक्सचेंज ऑफर’ म्हणजे दुसरं काय? ‘जुना फोन मोडीत देऊन नवा घेतला’ हे वाक्य कोणत्याही कोशकाराला खटकणार नाही.

जाता जाता: जुन्या मराठीत ‘भांगार’ म्हणजे सोनं. ज्ञानेश्वरीत हा शब्द आहे, कोकणीत आजही सोन्याला भांगारच म्हणतात. तो आला भृंगारवरून आणि आपलं भंगार भंगावरून, म्हणजे नातं काही नाही. पण एका कान्याच्या फरकावर सोन्याचं भंगार झालं ही गंमत आहेच.

खातेवही
शब्दवेडीताई, ती गंमत नियमांत खरीही झाली आहे! ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उत्पादकांना आपल्या मालाच्या प्रमाणात पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रं घ्यावी लागतात, आणि ती चार धातूंवर मोजली जातात: सोनं, तांबं, अॅल्युमिनियम, लोखंड. म्हणजे भंगारातलं भांगार सरकार मोजतं. यादीतल्या वस्तू २१ वरून १०६ झाल्या.

याच नियमांत ‘रिफर्बिशर’ हा नोंदणी करावी लागणारा घटक आहे. कामाचं वर्णन थोडक्यात असं: वापरलेलं उपकरण दुरुस्त करून किंवा जुळवून, मूळच्याच उपयोगासाठी त्याचं आयुष्य वाढवणं. पूर्वीच्या २०१६ च्या नियमांत उपकरण सुटं करणारा, म्हणजे ‘डिसमँटलर’, हाही वेगळा घटक होता. नव्या नियमांत नोंदणीच्या घटकांतून तो गेला.

ग्राहक कायद्याचा शब्दसंग्रह निराळा. २०१९ च्या कायद्यातलं कलम २(४७) अनुचित व्यापारप्रथा सांगतं. पुन्हा बांधलेला, दुसऱ्या हातचा, नवा केलेला, पुन्हा कामाजोगा केलेला किंवा जुना माल ‘नवा’ म्हणून विकणं ही त्यांपैकी एक. पाच शब्द मोजून आहेत, ‘रिफर्बिश्ड’ त्यांत नाही. पण ‘जुना’ आहे, आणि त्या एका शब्दात बाकीचे सगळे मावतात.

तिसरा कायदा जीएसटीचा. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यानं खरेदीवरचा कर वळता करून घेतला नसेल तर त्याला कर फक्त फरकावर लागतो. फोन ९,००० ला घेतला, १२,००० ला विकला, तर १८ टक्के मधल्या ३,००० वर. अट अशी की माल जसाच्या तसा विकलेला असावा किंवा त्यावर किरकोळ प्रक्रिया झालेली असावी, जिच्यामुळे वस्तूचं स्वरूप बदलत नाही.

तीन कायदे, तीन भाषा. पहिला म्हणतो आयुष्य वाढलं पाहिजे, तिसरा म्हणतो स्वरूप बदलता कामा नये, आणि मधला म्हणतो काहीही करा पण नवा म्हणू नका.

जंपर
कायदा ठीक आहे, पण काउंटरवर ‘रिफर्बिश्ड’ या एका शब्दाखाली काय काय येतं तेही पाहा, भिया. रामबागकरांनी विचारल्या त्या तीन वस्तू अशा.

एक, खोका उघडून परत आलेला फोन. वापर जवळजवळ नाही. बाजारात याला ‘ओपन बॉक्स’ म्हणतात.

दोन, कंपनीनं स्वतः तपासून, भाग बदलून परत विकलेला. आयफोनमध्ये हे अक्षरावरून कळतं. सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट, तिथला मॉडेल क्रमांक पाहायचा. पहिलं अक्षर ‘एम’ असेल तर किरकोळ विक्रीचा नवा, ‘एफ’ म्हणजे कंपनीनं रिफर्बिश केलेला, ‘एन’ म्हणजे तक्रारीवर बदलून दिलेला, ‘पी’ म्हणजे नाव कोरून घेतलेला. कंपनीचा ‘रिफर्बिश्ड’ या एका ‘एफ’मध्ये संपतो. ‘एम’वाला फोन कोणी रिफर्बिश्ड म्हणून देत असेल तर ते काम दुकानातलं आहे. ते वाईटच असेल असं नाही, पण कंपनीचं नाही.

तीन, गल्लीत केलेला. बाजारात सर्वाधिक माल हाच, आणि यातही दोन कामं वेगळी. पहिलं वरचं: पाठ बदलली, कडा घासल्या, काच नवी घातली. दुसरं आतलं: बॅटरी, फोल्डर, चार्जिंगची पट्टी, बोर्डावर जंपर, म्हणजे तुटलेली वाट जोडणारी बारीक तार.

फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र. मूळ डिस्प्ले ओएलईडी असताना स्वस्तातला एलसीडी फोल्डर घातला असेल तर ओळखायची रीत सोपी आहे. खोलीत अंधार करायचा, पूर्ण काळं चित्र पडदाभर उघडायचं, ब्राइटनेस शेवटपर्यंत न्यायचा. ओएलईडीत काळा भाग विझलेलाच असतो. एलसीडीला मागून दिवा असतो, म्हणून पडदा राखी उजळतो आणि कडांना उजेड गळतो. अशा फोनचा पडद्याखालचा बोटाच्या ठशाचा सेन्सरही बंद पडतो, कारण त्याला आरपार दिसणारा ओएलईडीच लागतो. दुकानदार सांगतो, ‘फिंगर सेट करावं लागेल.’ ते कधीच सेट होत नाही.

बॅटरीचं त्याहून बारीक आहे. नव्या आयफोनमध्ये भाग बदलला की अबाउटमध्ये नोंद दिसते, अस्सल नसेल तर ‘अननोन पार्ट’ येतं. ती नोंद टाळायला जुन्या बॅटरीची सर्किटची पट्टी काढून नव्या सेलवर जोडतात. पट्टी मूळची, सेल कुठलाही. म्हणून ‘बॅटरी हेल्थ’च्या टक्क्यांवर जाऊ नका. व्हिडिओ लावून अर्धा तास बघा, चार्जचे टक्के पायऱ्यांनी उतरतात की एकदम कोसळतात.

शब्दवेडी
जंपरदादा, तुम्ही वरचं काम आणि आतलं काम असं जे वेगळं केलंत, त्यातच उत्तर आहे. वरच्या कामाला मराठीत नेमका शब्द आहे: उजळा. जुना दागिना सोनाराकडे नेऊन उजळा देतात. सोनं तेच, घडण तीच, फक्त चकाकी परत येते. पाठ नि काच बदललेला फोन म्हणजे ‘उजळा दिलेला फोन’. यात फसवणूक नाही नि बढाईही नाही.

आतल्या कामाला ‘दुरुस्त’ पुरेसा आहे. ‘डागडुजी’ मात्र मी वापरणार नाही. घराची, भिंतीची, छपराची डागडुजी होते, तिच्यात तात्पुरतेपणाचा वास आहे. बोर्डावरच्या जंपरला तो शोभेल कदाचित!

जंपर
शोभणार नाही. नीट मारलेला जंपर फोनच्या आयुष्यभर टिकतो. टिकत नाही ते हीट देऊन चालू केलेलं बोर्ड. आयसीच्या, म्हणजे चिपच्या, खालचे टाके सुटलेले असतात, गरम हवेनं तेवढ्यापुरते जुळतात, आणि फोन दोन-चार आठवडे चालून पुन्हा मरतो. नीट करायचं तर आयसी उचलून रीबॉलिंग, म्हणजे खालचे टाके नव्यानं घालणं, करावं लागतं. डागडुजी म्हणायचीच तर त्या हीटला म्हणा.

शब्दवेडी
मान्य. शब्द तुमच्या हीटला दिला.

रामबागकर
‘दुरुस्त’वर एक इंदुरी आक्षेप. इथे आपण ‘दुरुस्तीला टाकला’ म्हणतच नाही, ‘सुधरवायला दिला’ म्हणतो. मध्य प्रदेशच्या हिंदीत घड्याळ, पंखा, मोबाईल सगळं ‘सुधरतं’, आणि ते करणारा ‘सुधारक’. पुण्याच्या माणसाला ‘मोबाईल सुधारक’ ही पाटी वाचून आगरकर आठवतील. पण शब्द म्हणून वाईट आहे का? दुरुस्त म्हणजे होतं तसं केलं. सुधारलं म्हणजे होतं त्यापेक्षा बरं केलं.

शब्दवेडी
म्हणूनच विक्रीच्या पाटीवर तो नको. बोलण्यात असू द्या. ‘सुधारलेला फोन’ असं लिहिलं तर प्रमाण मराठीत त्याचा अर्थ ‘नवी, अधिक चांगली आवृत्ती’ असा होईल.

आणि ‘नूतनीकृत’ तर मोडीतच काढा. परवान्याचं नूतनीकरण होतं, म्हणजे मुदत वाढते. सभागृहाचं होतं, म्हणजे रंग आणि खुर्च्या. फोनच्या बाबतीत त्यातून काहीच कळत नाही, फक्त ‘नूतन’ ऐकू येतं. खातेवहींनी सांगितलेली कायद्याची मनाई नेमकी तीच आहे. कंपनीनं केलेल्या ‘एफ’ प्रकारासाठी ‘पुनर्सज्ज’ ठेवावा. ‘पुनर्सज्जित’मधला ‘इत’ फुकटचा आहे.

खातेवही
मग ‘वॉरंटी’लाही हात घाला, कारण भांडणं तिथेच होतात. बाजारात ‘चेकिंग वॉरंटी’ नावाचा प्रकार आहे. म्हणजे काउंटरवर तपासा, चालू असेल तर न्या, पायरी उतरलात की संपलं. ही वॉरंटीच नव्हे. तिला मराठीत ‘पारख करून घेणे’ म्हणतात आणि त्यात जबाबदारी घेणाऱ्याची असते.

‘हमी’ म्हणायची तर कोणाची, कशाची, किती दिवसांची, हे तिन्ही बिलावर हवं. बिलावर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. फोनमध्ये *#०६# दाबलं की १५ आकडे दिसतात, ते बिलाशी आणि खोक्याशी जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, एक मोकळी जागा आणि ते १५ आकडे लिहून १४४२२ वर पाठवा. नंबर काळ्या यादीत असेल किंवा दुसऱ्याच फोनवर चालू असेल तर उत्तरात कळतं. पैसे देण्याआधी करायचं, नंतर नाही. बिलच न देणं हीदेखील त्याच कलमाखाली अनुचित प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

रामबागकर
देणाऱ्याच्या बाजूचंही लिहा कोणीतरी. फोन मोडीत देताना लोक ‘फॉरमॅट मारला’ म्हणतात, आणि घेणारा दुसऱ्या दिवशी फोन करतो की लॉक लागलंय.

जंपर
क्रम चुकतो म्हणून. आधी बॅकअप, मग यूपीआयच्या अॅपमधून खातं काढायचं, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन गूगलचं खातं काढायचं, आणि सगळ्यात शेवटी, सेटिंग्जमधूनच, रीसेट. खातं न काढता बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट मारला की फोन सुरू होताना जुनंच खातं मागतो. ते चोरीसाठीचं कुलूप आहे. नव्या मालकानं कितीही वेळा फॉरमॅट मारला तरी निघत नाही.

फुगलेल्या बॅटरीचा फोन मात्र एक्सचेंजमध्येही देऊ नका आणि अटालेवाल्यालाही नको. चार्ज करायचा नाही, पाठ दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. आतला थर फाटला की धूर आणि जाळ. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवायचा. आपल्याकडे निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, कचरागाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, पण त्यात गुपचूप टाकू नका. पुढे कचरा दाबला जातो. गाडीवाल्याच्या हातात, ‘बॅटरी फुगलेली आहे’ असं सांगून द्या.

शब्दवेडी
‘फुगलेली’ हा शब्द किती अचूक आहे पाहा. भजं फुगतं, पुरी फुगते, पाव फुगतो, सगळं आतल्या वाफेनं किंवा वायूनं. बॅटरीतही वायूच धरतो. ‘सुजलेली’ म्हणणारे चुकतात, सुजेत पाणी धरतं.

रामबागकर
आता एक जाहिरात सुधरवून दाखवा, सॉरी, दुरुस्त करून दाखवा. मूळ अशी: ‘रिफर्बिश्ड फोन, लाइक न्यू, एक महिना वॉरंटी.’

शब्दवेडी
‘वापरलेला फोन, उजळा दिलेला, दुरुस्त केलेला. पाठ नवी, पडदा बदललेला (कंपनीचा नाही), बॅटरी मूळची. दुकानाची हमी ३० दिवस, पडद्याला नाही. पक्कं बिल, आयएमईआयसह.’

खातेवही
कायद्यात बसतं. पण एवढं लिहून विकला जाईल का?

जंपर
जाईल. हजार-दीड हजार कमी येतील, आणि तेवढाच त्याचा खरा भाव आहे.