मदत हवी आहे : १९७८ ची बुलेट ३५०, चढावर तळातून ठोका, बिगएंड गेलं का?

पांढरकवडा_३५०
कास्ट आयर्न इंजिन, बिगएंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या खालच्या टोकाला) मूळचा फ्लोटिंग बुश. तिसऱ्या गिअरात चढावर ॲक्सिलेटर दिला की तळातून जड ठक-ठक येते, सोडला की दबते. इंजिन तापल्यावर वाढते. मिस्त्री म्हणतो, इंजिन उतरवा, बिगएंडचं किट टाका. उतरवायच्या आधी खात्री कशी करायची? आणि नागपूरची चक्कर एकच व्हावी, म्हणून काय काय आणायचं तेही सांगा.

लेथ_आर्वी
भाऊ, घाई नका करू. पिस्टन ढिला असला तर इंजिन थंड असताना वाजतो, तापल्यावर शांत होतो. गझन पिनचा (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) आवाज बारीक, खणखणीत, आयडलिंगलाही येतो. तुमचं वर्णन बिगएंडचंच वाटतं, पण हुबेहूब तसाच आवाज काढणारे दोघं आहेत : ढिली प्रायमरी चेन आणि अल्टरनेटरच्या रोटरचा सैल नट. आधी डावं चेन कव्हर उघडा. चेन सगळ्यात ताठ असेल तिथे वरखाली ६ मिमी ढील ठीक. रोटर हाताने हलवून पाहा.

मग ऑइल गरम असताना काढा, थोडं स्टीलच्या थाळीत घेऊन उन्हात धरा. फिल्टरचा फेल्टही उकलून पाहा. चंदेरी चमक दिसली आणि चुंबकाला चिकटली नाही, तर बुशवर संशय पक्का.

कापूसगाडी
चमक निघाली तर हेड आणि ब्लॉक काढा, इंजिन चेसिसमध्येच राहू द्या. चेंबरच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा, नाहीतर सर्क्लिप आत पडली की खरंच सगळं खोलावं लागतं. बिगएंड डिझेलने धुवा, ऑइलचा थर असला तर ढील लपते. पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वर), गाडी गिअरात, मागचा ब्रेक दाबलेला. रॉड दोन्ही हातांनी सरळ वर ओढा, खाली दाबा. टक असा धक्का जाणवला तर गेलं. बीडीसीलाही (सगळ्यात खाली) पाहा, कारण क्रँकपिन (जिच्यावर बिगएंड फिरतं ती) एका बाजूने जास्त झिजते. रॉड आडवा थोडा हलणारच. तेवढ्यावरून लोक चांगला क्रँक उघडून बसतात.

पांढरकवडा_३५०
चेन, रोटर ठीक. थाळीत चमक आहे, चुंबकाला नाही चिकटत. टीडीसीला वरखाली स्पष्ट टक.

लेथ_आर्वी
मग उतरवा. टायमिंग साइडला ऑइल पंप चालवणाऱ्या वर्मच्या (स्क्रूसारखा गिअर) नटला उलटे आटे आहेत, हे न कळता किती शाफ्टांची वाट लागली. क्रँक अख्खा लेथवाल्याकडे न्या, घरी हातोड्याने क्रँकपिन काढू नका.

नुसता नवा बुश टाकून भागत नाही. हा बुश पिनवरही फिरतो आणि रॉडमध्येही, म्हणून मायक्रोमीटरने पिन चार जागी मोजून घ्या. लंबगोल झाली असेल तर पिन-बुश दोन्ही नवे. रॉडचं भोकही मोजा. रोलर किट टाकता येतं आणि कमी ऑइलमध्ये रोलर जास्त तग धरतो. माझं मत रोलरच, गाडी रोज कामाची असेल तर. जोडताना पिनचं ऑइल होल फ्लायव्हीलच्या होलशी जुळलंच पाहिजे, चुकलं तर किट लवकरच जळतं. जोडल्यावर डायल गेजवर रनआउट (फिरताना शाफ्टची डगमग) ०.०५ मिमीच्या आत आणून घ्या. मेन बेअरिंग त्याच वेळी बदला.

सोबत आणा : किट, मेन बेअरिंग, फेल्ट फिल्टर, गॅस्केट सेट, ऑइल सील, सर्क्लिप आणि क्रँकच्या टोकाला बसणारं टायमिंग कव्हरमधलं सील.

कापूसगाडी
हे शेवटचं सील विसरू नका. पंपाचं ऑइल तिथूनच क्रँकमध्ये शिरतं. सील कडक झालं, फाटलं की ऑइल बाजूने टायमिंग चेस्टमध्ये सांडतं आणि बिगएंड उपाशी राहतं. तुमचं बिगएंड बहुतेक त्यानेच गेलं असेल, किंवा क्रँकच्या आतल्या वाटेत गाळ बसला असेल. दोन्ही फ्लायव्हीलची होलं तारेने खरवडून, दाबाच्या हवेने फुंकून घ्या. आपल्याकडे कापसाच्या हंगामात काळ्या मातीची धूळ एअर फिल्टरातून शिरते आणि तीच गाळ होते.

जोडताना क्रँकच्या नळीत सिरिंजने ऑइल भरा, पिनमधून झिरपेपर्यंत. इंजिनात एकूण ऑइल साधारण सव्वादोन लिटर लागतं. प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून ४०-५० किक मारा, मगच सुरू करा. पहिले ५०० किमी चढावर तिसरा ओढू नका, आधीच दुसरा टाका.