सोन्यासाठी पीआय डिटेक्टर: नव्याची वाट पाहावी की आहे तो घ्यावा?

तांबडमाती:
मंडळी, पहिला पीआय (पल्स इंडक्शन: कॉइलमधून झटके सोडून धातूचं उत्तर ऐकणारा) डिटेक्टर घ्यायचाय. माइनलॅबच्या जीपीझेड ७००० चा पुढचा अवतार येतोय, लोखंड ओळखणारा पीआय येतोय, दुप्पट खोल जाणारा येतोय, असं सारखं कानावर येतं. जमीन लाल, लोहाने भरलेली, मधे खारट पट्टे. लक्ष्य ०.२ ते २ ग्रॅमचे खडे. दिवसभर हातात धरायचाय, त्यामुळे वजन कमी हवं. थांबू का? आणि या अफवांतलं काय खरं मानायचं?

कॉइलवाला:
'दुप्पट खोल' वाचलं की पुढचं वाचू नका. कॉइलपासून लांब असलेल्या लहान तुकड्याचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने पडतो: जाताना तीन घात, परत येताना तीन. म्हणजे सिग्नल दुप्पट केला तरी खोली वाढते जेमतेम १२ टक्के. ३० सेंमीचे साडेतेहतीस होतात, बस्स. खोली खरोखर दुप्पट करायची तर ६४ पट सिग्नल हवा. शिवाय लाल जमिनीत ताकद वाढवली की जमिनीची कुरकुरही त्याच पटीत वाढते, मग फायदा कुठे राहिला?

सुधारणेला खरी जागा बारीक सोन्यात आहे. लहान खड्यातले भोवरी प्रवाह (पल्समुळे धातूत फिरणारी वीज, तोच आपला सिग्नल) काही मायक्रोसेकंदांत विझतात. पल्स बंद झाल्यावर रिसीव्हर १५ मायक्रोसेकंदांनी कान उघडत असेल तर ०.२ ग्रॅमचा तुकडा बोलून गप्प झालेला असतो. लवकर ऐकायचं तर कॉइल आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण) कमी हवी, डॅम्पिंग (पल्सनंतरची थरथर शमवणं) नेमकं हवं. म्हणूनच नव्या मशीनची चर्चा करताना लोकांनी पडद्यापेक्षा कॉइलबद्दल विचारायला हवं, पण विचारतं कोण!

यात एक गोम आहे. ओली खारट जमीनसुद्धा तितक्याच लवकर विझते. जितकं लवकर ऐकाल तितकं मीठ कानात ओरडेल. बारीक सोनं आणि खारट जमीन दोन्ही सारख्याच जोरात जमतात असं कोणी सांगितलं, तर खारट जमिनीवर कोणता मोड लावला होता ते विचारा.

खडकफोड:
लोखंड ओळखण्याबद्दल. पीआयला मुख्यतः कळतं ते एवढंच: सिग्नल किती वेळात विझला. छोटा खिळा, तारेचा तुकडा आणि मध्यम खडा यांचे वेळ एकमेकांवर चढतात. त्यामुळे स्क्रीनवर आकडा दिसला तरी तो 'किती वेळात विझतो' याचा आकडा आहे, धातूचं नाव नाही. अल्गोफोर्स ई१५०० हा पीआय आकडा दाखवतो, तो असाच वाचायचा. गॅरेट कंपनीच्या ॲक्सिअमची आयर्न चेक (लोखंड तपासायची) सोय फक्त डीडी कॉइलवर (पाठवायला आणि ऐकायला वेगळ्या गुंडाळ्या) चालते, मोनोवर (दोन्हीला एकच गुंडाळी) नाही. अशी तपासणी उथळ तुकड्यांपुरतीच धरा. खोल, पुसट सिग्नल असेल तर मुकाट्याने खणा. तिथेच सोनं सुटतं.

अजून एक. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा आवाज काढून टाकणं, हे दोन वेगवेगळ्या वेळांचे नमुने वजा करून होतं. ती वजाबाकी जमिनीबरोबर एका ठरावीक विझण्याच्या वेळेचे तुकडेही खाते. याच टप्प्यावर सूर उलटतो: त्याच्या एका बाजूचे खडे उंच-खाली बोलतात, दुसऱ्या बाजूचे खाली-उंच. पुढच्या मशीनकडून माझी एकच अपेक्षा, तुकडे खाणारं हे भोक लहान व्हावं. खोलीपेक्षा त्याने जास्त सोनं हाती लागेल.

तांबडमाती:
पटलं. पण नवं मशीन खरंच येतंय की नुसती हवा आहे, हे ओळखायचं कसं?

कागदपत्री:
कागद बघा. पेटंट अर्ज पहिल्या तारखेपासून साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यातून दिशा कळते, वस्तू नाही. कित्येक पेटंटं कपाटातच राहतात. वायरलेस हेडफोन असलेल्या मशीनला अमेरिकेत विकण्याआधी एफसीसीची (तिथल्या दूरसंचार नियामकाची) मंजुरी लागते. तिथे आतले फोटो आणि माहितीपुस्तिका १८० दिवसांपर्यंत झाकून ठेवता येतात, पण नोंद दिसते. ती दिसली की गोष्ट खरी आणि जवळची. ट्रेडमार्कवर भिस्त नको, कंपन्या नावं अडवून ठेवतात.

आणि पहिल्या दिवशी किती कॉइल मिळतात ते मोजा. माइनलॅबच्या जीपीएक्स ६००० सारख्या मशीनच्या कॉइलमध्ये चिप असते, जुनी कॉइल लावून चालत नाही. दुसऱ्या कंपनीची, म्हणजे कॉइलटेकच्या गोल्डहॉक १०×५ (इंच) सारखी कॉइल यायला वेळ लागतो. मशीन आलं तरी हवी ती कॉइल नसेल तर ते तुमच्यासाठी आलेलंच नाही.

कॉइलवाला:
व्हिडिओतली हवेतली चाचणी सोडून द्या, तिथे लाल जमीन नसते. खड्डा खणून तुकडा पुरणंही फसवं: माती उसवली की वरच्या थराचा आवाज बदलतो. त्यापेक्षा २० मिमीचा पीव्हीसी पाइप बाजूने तिरका ठोका, टोक १०, २० आणि ३० सेंमी खोलीवर येईल असे तीन. वरची माती जशीच्या तशी राहते. पाइपमधून तुकडा लाकडी काठीने सरकवायचा. तुकडा पाइपात नसताना त्याच जागेवर कॉइल फिरवून बघायला विसरू नका, नाहीतर दगडाचाच आवाज सोन्याच्या खात्यात जमा होतो.

सोनं नसेल तर शिसं चालतं. नैसर्गिक सोन्यात चांदी असते, त्यामुळे त्याची वाहकता शुद्ध सोन्यापेक्षा बरीच खाली येते आणि शिसं बऱ्यापैकी जवळ जातं. फक्त वजन सारखं घेऊ नका. शिसं हलकं, म्हणून त्याच वजनाचा तुकडा मोठा होतो. ०.२ ग्रॅम सोन्याच्या जागी ०.१२ ते ०.१४ ग्रॅम शिसं, तेही गोल गोळी. चपटं केलंत तर उत्तर बदलेल.

खडकफोड:
माझं मत: थांबू नका. जीपीझेड ७००० (२०१५) तीन किलोच्या वर आहे, दिवसभर हात भरून येतो. जीपीएक्स ६००० (२०२१) दोन किलोच्या आसपास, बरोबर ११ इंची मोनो आणि १४ इंची डीडी. लाल पट्ट्यावर मोनो, खारट पट्ट्यावर डीडी कंडक्टिव्ह मोडवर. ॲक्सिअम (२०२२) थोडा आणखी हलका, त्यात खारट जमिनीसाठी वेगळा मोड आहे; सेटिंग हाताळायची आवड असेल तर तो घ्या. व्हीएलएफच्या (पल्सऐवजी सलग लहरीवर चालणाऱ्या डिटेक्टरच्या) फंदात पडू नका. ४५ किंवा ७१ किलोहर्ट्झ सौम्य जमिनीत छान, तुमच्या लाल मातीत गोंधळेल.

आणि नवं मशीन आलंच, तर पहिली खेप दुसऱ्यांना घेऊ द्या. सहा महिन्यांत कळतं की कनेक्टर सैल पडतो का, केबल हलली की खोटा आवाज येतो का, आणि विजेच्या तारांजवळ खरखर किती.

तांबडमाती:
मग ॲक्सिअम आणि जीपीएक्स दोन्ही एकाच जागी पाइपवर लावून बघतो. शिसं तोलायला ०.१ ग्रॅमचा काटा पुरेल?

कॉइलवाला:
नाही, ०.०१ चा. आणि दोन्ही मशीन एकाच वेळी चालू ठेवू नका, किमान ५० मीटर लांब किंवा एक बंद. नाहीतर एकमेकांचीच पल्स ऐकत बसतील.