मदत हवी आहे : हेलिअम हायड्राइड आयन नववीला कसा समजवावा?

तास 35 मिनिटांचा. मुलांना अष्टक, द्विक (बाह्यतम कक्षेत आठ किंवा दोन इलेक्ट्रॉन) आणि सहसंयुज बंध येतो. ऑर्बिटल शिकवलेले नाहीत.

हा आयन म्हणजे हेलिअम अणूला जोडलेला एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक. प्रयोगशाळेत तो 1925 मध्ये सापडला, अवकाशात मात्र 2019 मध्ये, एनजीसी 7027 या तेजोमेघात. बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन हेलिअमचे, दोघांचंही द्विक पूर्ण, हे अमोनिअम आयनाशी ताडून पाहिल्यावर मुलांना पटतं. हेलिअमने इलेक्ट्रॉन गमावला असं वाटू नये म्हणून चौकटी कंस काढून धन प्रभार बाहेर लिहितो.

अडतं ते पुढे. द्विक पूर्ण, मग अस्थिर का? एकटा असला तर तो आपोआप तुटत नाही. बंध तोडायला मोलमागे सुमारे 178 किलोज्यूल लागतात. पण हायड्रोजन, नायट्रोजन, पाणी, जो रेणू भेटेल तो प्रोटॉन काढून घेतो, कारण हेलिअमची प्रोटॉनवरची पकड फारच कमजोर. मुलं मात्र 'अस्थिर' म्हणजे किरणोत्सारी समजतात. (ट्रिटिअम या किरणोत्सारी हायड्रोजनच्या ऱ्हासातून हा आयन बनतो, हे म्हणूनच मुद्दाम सांगत नाही.)

कमजोर चुंबकाला चिकटलेली पोलादी गोळी जोरकस चुंबक ओढून नेतो, हे करून दाखवलं. त्यातून बंध म्हणजे चुंबकत्व असा नवाच गैरसमज झाला. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा पांढरा धूर नको, धूरकपाट नाही.

चुंबक आणि संहत आम्ल वगळून, 'एकटा टिकतो, पण कुणी भेटताच प्रोटॉन देऊन टाकतो' हे दहा मिनिटांत दाखवणारी कोणती कृती तुम्ही वर्गात वापरता?