मदत हवी आहे: अप्पा पडायच्या भीतीने उठतच नाहीत, वॉकर कोणता घेऊ?

साखरपेठकर: लवकर सांगा. अप्पांना वॉकर घ्यायचाय, चाकांचा की बिनचाकांचा? दुकानदार दोन्ही चांगले म्हणतो. तीन दिवस झाले, खाटेवरून उठायला तयार नाहीत. "मी पडणार" एवढंच म्हणतात. लघवीलाही भांडं मागतात. उद्या मला कामावर जायचंय, घरी आई एकटी.

नीलिमाताई: वय काय? आजार कोणता? आधी पडलेत का?

साखरपेठकर: कंपवात (पार्किन्सन्स), लिहायचं राहिलं. वय ७१, सहा वर्षं झाली. सिंडोपाची गोळी दिवसातून तीनदा. मागच्या महिन्यात न्हाणीच्या दारात पडले, हाड वाचलं. पण वॉकर कोणता?

होटगी_रोड: चारचाकी घ्या, डोळे झाकून. माझे सासरे त्यावर बाजारात जातात, दमले की त्यावरच बसतात.

फिजिओ_सविता: डोळे झाकून अजिबात नको. कंपवातात काहींची पावलं लहान होत वेग वाढत जातो, मग चाकं पुढे पळतात आणि माणूस मागे राहतो. बिनचाकांचा दर पावलाला उचलावा लागतो, त्यातही तोल जातो. चालणं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पडले ती वेळ कोणती? गोळीच्या आधी की नंतर? आणि पडताना नेमकं काय झालं?

साखरपेठकर: पहाटे, गोळीच्या आधी. उंबऱ्यापाशी पाय चिकटल्यासारखे झाले. आईने हात धरून पुढे ओढलं आणि दोघंही पडले.

फिजिओ_सविता: हे आधी सांगायला हवं होतं हो. पाय चिकटले की ओढायचं नाही. पाय जागेवर राहतात, धड पुढे जातं. थांबू द्या, सरळ उभं राहू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग मोठं पाऊल. उंबऱ्याअलीकडे जमिनीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवा. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय सुटतो. उभं राहिल्यावर बीपी उतरतं का, तेही मोजून घ्या. आणि खाटेवर ठेवू नका. पाय आणखी अशक्त होतात, मग भीती खरी ठरते.

वैद्यकी_वारसा: गोळ्या कशाला? खाजकुइलीचं चूर्ण द्या, आमच्या आजोबांना गुण आला.

नीलिमाताई: काका, खाजकुइलीत तेच लेव्होडोपा असतं जे त्यांच्या गोळीत आहे. वर चूर्ण दिलं की मात्रा वाढणार. डॉक्टरांना न विचारता नको.

वैद्यकी_वारसा: म्हणजे औषध तेच ना! मग माझं काय चुकलं?

नीलिमाताई: गोळीत किती मिलिग्रॅम ते कळतं, चमच्यात नाही.

पुणे_सोलापूर: पुण्याला पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. हुतात्मा एक्सप्रेसचं आरक्षण आधीच करा, खिडकीची जागा मागा.

साखरपेठकर: ते खाटेवरून उठत नाहीत, पुण्याला कुठे नेऊ?

जुनी_मिल: अप्पा काय काम करायचे?

साखरपेठकर: ३० वर्षं चादरीच्या मागावर. का?

जुनी_मिल: माझ्या वडिलांचेही पाय असेच अडायचे. ठेका धरला की चालायचे. मागाची खटखट त्यांच्या अंगात होती, आई तोंडाने 'खट-खट' म्हणायची. करून बघा. उठल्यावर हाक मारू नका, बोलू नका. बोलायला लागले की चालणं विसरतात.

साखरपेठकर: पट्ट्या लावल्या. गोळीनंतर पाऊण तासाने उठवलं. मीच खटखट म्हटलं. अप्पा न्हाणीपर्यंत गेले! रडले थोडे. पण परत येताना वळताना पुन्हा अडकले. वॉकरचं नंतर बघतो, वळायचं कसं ते सांगा.

फिजिओ_सविता: जागच्या जागी वळवू नका. अर्धवर्तुळात, मोठा वळसा. तेवढी जागा आहे का?

साखरपेठकर: बोळात पाण्याचे तीन ड्रम आहेत.

होटगी_रोड: आमच्याकडे पाच आहेत. उजनी भरली तरी पाणी रोज नाही, काय बोलायचं!

फिजिओ_सविता: ड्रम आजच हलवा. न्हाणीसमोरचा आधी.