कोल्ड स्टोरेजला एनर्जी ऑडिट सक्तीचं आहे का? अनुदान किती? लवकर सांगा

द्राक्षवेल_सांगली (धागाकर्ता)
नमस्कार. जरा घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. आमचं तासगाव भागात बेदाण्याचं स्टोरेज आहे. मागच्या आठवड्यात नोटीस आली. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ प्रमाणे एनर्जी ऑडिट (ऊर्जा कुठे किती खर्च होते, वाया जाते याची तपासणी) सक्तीचं आहे, केलं नाही तर दंड आणि केलं तर अनुदान, असं त्यात आहे. ऑडिटची फी ८५ हजार, महिनाअखेरच्या आत भरायची. बिलानं आधीच कंबरडं मोडलंय, त्यात हे. सक्तीचं आहे का नाही आणि अनुदान किती टक्के, एवढंच सांगा. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच लिहा.

सौरभक्त
ऑडिट कशाला? शेडवर पॅनेल टाका, विषय संपला. माझ्या पोल्ट्रीवर ३० किलोवॅट आहे, बिल उघडून बघायचंच विसरलोय.

मीटरमागचा
आधी हे सांगा, नोटीस कुणाची? सही-शिक्का कुणाचा? पोस्टानं आली का कशी? कनेक्शन एलटी (कमी दाबाचं) का एचटी (उच्च दाबाचं)? वर्षाला युनिट किती? स्टोरेज किती टनाचं? यातलं काहीच न सांगता 'सक्तीचं आहे का' विचारलंत तर काय उत्तर देणार?

द्राक्षवेल_सांगली
व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. वर तिरंगी पट्टी, खाली सल्लागार फर्मचं नाव आणि पैसे भरायला क्यूआर कोड. एचटी आहे. १५०० टन. युनिट वर्षाला ४ लाखाच्या आसपास. तो माणूस फोनवर फार नीट बोलला हो, कलम-बिलम सगळं तोंडपाठ.

मीटरमागचा
कलमं पाठ असतीलच, धंदाच तो आहे. ही नोटीस नव्हे, जाहिरात आहे.

हिशेब करून बघा. त्या कायद्यात ऑडिटची सक्ती सरसकट सगळ्यांना नाही, केंद्रानं अधिसूचित केलेल्या मोठ्या ग्राहकांना आहे. त्यांना डेझिग्नेटेड कन्झ्युमर म्हणतात. वर्षाला लागणारी सगळी ऊर्जा तेलाच्या टनात मोजतात, एक टन तेलाची ऊर्जा म्हणजे ११,६३० युनिट वीज. २०१२ मध्ये या मोठ्या ग्राहकांना ऊर्जा बचतीचं लक्ष्य देणारी 'पॅट' योजना सुरू झाली तेव्हा त्यात देशभरातले ८ क्षेत्रांतले मिळून ४७८ कारखाने होते. सगळ्यात खालची मर्यादा कापड गिरण्यांना, वर्षाला ३,००० टन, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी युनिट. सिमेंटला ३०,००० टन. तुमचे ४ लाख युनिट म्हणजे कसेबसे ३४ टन. आणि कोल्ड स्टोरेज हे क्षेत्र त्या यादीत नाहीच.

८५ हजार खिशातच ठेवा.

वारणाकाठ
पण आम्हाला तर दरवर्षी पत्र येतं तपासणीचं! आम्हीही एचटीच आहोत. फी भरतो आम्ही.

मीटरमागचा
ते विद्युत निरीक्षकाचं. ते खरं असतं आणि ते टाळायचं नाही. पण ते सुरक्षेसाठी असतं. अर्थिंग, ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर वगैरे. वीज किती वाचते याच्याशी त्याचा संबंध नाही. लोक ही दोन्ही एकत्र करतात आणि असल्या सल्लागारांचं फावतं.

लंडनकर_मिरजेचा
इकडे ब्रिटनमध्ये 'ईसॉस' म्हणून योजना आहे. २५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना दर ४ वर्षांनी ऑडिट बंधनकारक. आमच्या ऑफिसात गेल्या खेपेला पाच आठवडे चाललं होतं. फार शिस्तीत होतं सगळं. आपल्याकडेही व्हायला हवं.

द्राक्षवेल_सांगली
दादा, माझ्याकडे हमाल धरून ११ माणसं आहेत. विषयावर या.

कंप्रेसर_काका
मी सव्वीस वर्षं अमोनियावर चालणाऱ्या कूलिंग प्लांटवर काढलीत. ऑडिटरला पैसे देण्याआधी एक फेरी स्वतः मारा.

कंडेन्सरला (आतली उष्णता बाहेर टाकतो तो) पाणी कुठलं? आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे नळीत चुन्याचा लेप. लेप चढला की हेड प्रेशर, म्हणजे कंप्रेसरच्या पुढचा दाब, चढतं. कंडेन्सिंगचं तापमान एक अंशानं वर गेलं की कंप्रेसर दोन-तीन टक्के जास्त वीज खातो. पाच अंश चढलं तर बोंबलाच. मग आत बघा, कूलरवर बर्फाची चादर आहे का, डिफ्रॉस्ट कोण करतं म्हणजे तो बर्फ कोण काढतं, का 'उद्या करू' चाललंय. भिंतीत जुनं थर्मोकोल असेल आणि ओल धरलेलं असेल तर ते इन्शुलेशन राहिलेलं नाही, नुसती जाडी आहे. एप्रिल-मेमध्ये बॉक्स आत घेताना दार किती वेळ उघडं असतं ते घड्याळ लावून बघा. पट्ट्यांचा पडदा फाटलेला असणार, पैजेवर सांगतो.

आणि मोटर किती वेळा रिवाइंड केलीत, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून घेतलीत, ते खरं सांगा. प्रत्येक रिवाइंडिंगला कार्यक्षमतेचे एक-दोन टक्के जातात आणि माणूस म्हणतो चालतीय की!

द्राक्षवेल_सांगली
काका, पडदा फाटलेलाच आहे. मोटर तीनदा. पाणी बोअरचं.
पण माझा प्रश्न अनुदानाचा होता.

सौरभक्त
म्हणून म्हणतोय सोलर! मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत फक्त १० टक्के भरायचे, बाकी सरकार. साडेसात एचपीपर्यंत.

वारणाकाठ
अहो तो शेतीचा पंप. विहिरीवरचा. यांच्याकडे बेदाणा गार ठेवायचाय, उसाला पाणी पाजायचं नाही. आणि ज्यांच्याकडे आधी विजेचं कृषी कनेक्शन आहे त्यांना तो मिळत नाही. आमच्या भावाचा अर्ज त्यावरच अडला. साडेसात एचपीपर्यंत वीज तशीही माफ आहे २०२४ पासून.

सौरभक्त
माफ आहे, पण येते कधी? रात्री दीडला! त्यापेक्षा सोलर बरा, दिवसा पाणी.

वारणाकाठ
पावसाळ्यात दाखवा तुमचा सोलर.

सौरभक्त
पावसाळ्यात पाणी कशाला लागतंय?

मीटरमागचा
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा ना.

द्राक्षवेल, अनुदान 'किती टक्के' हा प्रश्न अर्धवट आहे. कशावर हवंय? नवीन मशीन, नवीन खोली, का सोलर? प्रत्येकाचं खातं वेगळं, फॉर्म वेगळा.

द्राक्षवेल_सांगली
कंप्रेसर बदलायचाय. जुना २००६ चा. नवीन व्हीएफडीवाला (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त होणारा) घ्यायचाय, त्याला अॅडव्हान्सही दिलाय.

फाइलवाली
अॅडव्हान्स दिलाय?? हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

मी सीए ऑफिसात कर्जाच्या फायली बनवते. जवळपास सगळ्या योजनांमध्ये क्रम एकच असतो, आधी अर्ज, मग बँकेची मंजुरी, मग खरेदी. कोल्ड स्टोरेजचं फलोत्पादन अभियानाचं ३५ टक्के अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेलं आहे आणि कर्जखात्यात शेवटी जमा होतं, हातात येत नाही. आधीच बिल फाडलेल्या मशीनवर मागायला गेलात तर पहिल्याच टेबलावर फाइल परत.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, कृषी पायाभूत सुविधा निधी. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, जास्तीत जास्त ७ वर्षं. स्टोरेजसारख्या कामांसाठीच आहे तो. दुसरी, जुलै २०२५ मध्ये आलेली केंद्राची 'अदिती'. खास ऊर्जा बचतीच्या यंत्रसामग्रीसाठी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के सवलत, मध्यमला ३. एकूण १,००० कोटींची आहे. १४ क्षेत्रं आहेत, त्यात फाउंड्री, कापड, विटा आणि अन्नप्रक्रिया येतात. किमान १० टक्के ऊर्जा वाचली पाहिजे अशी अट आहे. (संरक्षण खात्याची याच उच्चाराची दुसरी योजना आहे, शोधताना गोंधळू नका. माझा एक पूर्ण तास त्यात गेला.) उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना तुमची? नोंदणीत व्यवसाय काय टाकलाय, नुसती साठवणूक का प्रक्रिया? यावर सगळं अवलंबून.

द्राक्षवेल_सांगली
उद्यम आहे. काय टाकलंय ते मुलानं भरलं होतं, विचारतो. अॅडव्हान्स परत मिळेल का?

फाइलवाली
ते तुमच्या मशीनवाल्याला विचारा, इथे कसं सांगणार!
पण गंमत बघा, अदितीला मात्र ऑडिट लागतं. साधं नाही, गुंतवणुकीच्या हिशेबासकट. त्यामुळे ऑडिट वाईट नव्हे, ते दंडाची भीती घालून विकणं वाईट. करायचंच ठरलं तर महाऊर्जाच्या (राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या) यादीवरचा ऑडिटर शोधा आणि फी ठरवण्याआधी दोघा-तिघांकडून कोटेशन घ्या.

कंप्रेसर_काका
नवीन कंप्रेसर चुना चढलेल्या कंडेन्सरला जोडलात तर तोही तेवढीच वीज खाईल. आधी सॉफ्टनर बसवा. ऐकतंय कोण म्हणा.

मीटरमागचा
एक सोपी गोष्ट राहिलीच. बिलाच्या डाव्या बाजूला वर टॅरिफ लिहिलेलं असतं. काय आहे?

द्राक्षवेल_सांगली
थांबा, काढतो.

एचटी इंडस्ट्री. पॉवर फॅक्टर ०.८८. कॉन्ट्रॅक्ट डिमांड (मंजूर भार) २०० केव्हीए, गेल्या वर्षी सगळ्यात जास्त लागली ती १३०.

मीटरमागचा
एचटी इंडस्ट्री!

अहो, वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात 'शेती – इतर' असा गट आहे. शेतमालाचं प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज त्यात घातलंय, माल प्रक्रिया केलेला असो वा नसो. बेदाणा शेतमालच. डिमांड चार्ज (भारावरचा आकार) उद्योगापेक्षा कितीतरी कमी. तुम्ही इतकी वर्षं कारखान्याच्या दरानं भरताय.

आणि १ एप्रिल २०२० पासून एचटीला केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खऱ्या कामाचा हिस्सा) कमी तर बिल जास्त. पॉवर फॅक्टर ०.८८ म्हणजे मीटरवर १०० युनिट झाले तर पैसे जवळपास ११४ चे. तो सुधारणारं कपॅसिटर पॅनेल बंद पडलंय का, का कुणी बघतच नाही? डिमांडही कमी करून घ्या, न वापरलेल्या डिमांडचा ठरावीक हिस्सा भरताच आहात. बिलावर टीओडीचे (वेळेप्रमाणे बदलत्या दराचे) रकाने असतील तर दिवसा ९ ते ५ खोल्या नीट गार करून ठेवा. बेदाण्याचा साठा गारवा धरून ठेवतो, संध्याकाळी महाग वेळेत कंप्रेसर जरा विसावू दे.

कंप्रेसर बदलायच्या आधी यातच अर्धी लढाई आहे.

वारणाकाठ
पण यांच्याकडे वॉशिंग-ग्रेडिंगचं मशीन असेल ना? बेदाणेवाल्यांकडे असतंच. ते त्याच मीटरवर असेल तर वीज कंपनी म्हणणार ही प्रक्रिया, उद्योगच लागणार. आमच्या शेजाऱ्याचा याच मुद्द्यावर दीड वर्ष वाद चाललाय.

द्राक्षवेल_सांगली
मशीन आहे. त्याच मीटरवर. हे कुणी सांगितलंच नव्हतं कधी.

मीटरमागचा
तुम्हीही आत्ता सांगताय.
ग्रेडिंगला वेगळं कनेक्शन घेता येतं का ते विचारा, मग गट बदलण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी काही नको. नाकारला तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, पण तिथे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. उशीर करू नका.

फाइलवाली
आणि ग्रेडिंग मशीन असेल तर अन्नप्रक्रियेत बसायला ते उलट सोयीचं! उद्यमवर ते नोंदवलेलं असेल तर.

वारणाकाठ
म्हणजे एका टेबलावर प्रक्रिया करतो म्हणायचं आणि दुसऱ्यावर नाही म्हणायचं. छान.

फाइलवाली
दोन मीटर, दोन कामं. दोन्ही खरं आहे. खोटं काय त्यात?

लंडनकर_मिरजेचा
इथे असं चालणार नाही.

द्राक्षवेल_सांगली
मुलाशी बोललो. उद्यमवर 'वेअरहाउसिंग' टाकलंय, ग्रेडिंग नाही. दुरुस्त करता येतं म्हणतो. कपॅसिटर पॅनेलचं दार उघडलं, आत पालीनं घर केलंय. इलेक्ट्रिशियन उद्या येतोय. त्या सल्लागाराचे आज तीन फोन आले, उचलले नाहीत.

कंप्रेसर_काका
आणि पडदा?

द्राक्षवेल_सांगली
मीटरच्या मापानं विकत मिळतो ना? किती रुंदीचा आणू?